रंग आला, पण कशाचा?

वाचकांचे प्रश्न : न्यायसहायक विज्ञान

या वेळच्या पत्रांतली बहुतेक एकाच गोष्टीबद्दल आहेत. छाप्याच्या वेळी, सापळ्यात किंवा घटनास्थळी पोलीस आणि तज्ज्ञ ज्या झटपट रंगचाचण्या करतात, त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची? चालू खटल्यांतली नावं, गावं आणि गुन्हा क्रमांक काढून टाकून प्रश्न छापत आहोत.

प्रश्न : भावकीच्या भांडणात आमच्या नातेवाइकावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आहे. घरातून जप्त केलेल्या कोयत्यावर ‘रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. कोयता ऊसतोडीचा आहे, आणि जत्रेत बोकड कापायलाही तोच वापरला होता. चाचणीत हे कळत नाही का? (जि. अहिल्यानगर)

नाही, कळत नाही. आणि या चाचणीकडून ती अपेक्षाही नाही.

घटनास्थळी बहुधा कॅस्टल-मेयर चाचणी करतात. तिचं द्रावण कसं बनतं ते पाहिलं की मर्यादा आपोआप लक्षात येतात. २ ग्रॅम फिनॉल्फ्थॅलिन, २० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साईड आणि १०० मिली पाणी जस्ताच्या पुडीबरोबर उकळायचं. गुलाबी रंग पार गेला की ते तपकिरी बाटलीत, तळाशी थोडं जस्त ठेवून भरायचं. वापरताना इथेनॉलने पातळ करायचं. रक्तातलं हीम, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, हायड्रोजन पेरॉक्साईडमधला ऑक्सिजन या रंगहीन द्रावणाकडे पोचवतं आणि ते पुन्हा गुलाबी होतं. म्हणजे गुलाबी रंग सांगतो तो एवढंच, की इथे पेरॉक्साईड फोडणारं काहीतरी आहे. ते हीमच असेल असं नाही.

करण्याची पद्धत अशी. गाळणकागदाची घडी घालून तिचं टोक डागावर हलकेच घासायचं. त्यावर एक थेंब इथेनॉल, मग एक थेंब द्रावण. इथे थांबून पाहायचं. रंग आला नाही तरच ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साईडचा एक थेंब टाकायचा. रक्त असेल तर गुलाबी रंग लगेच, पाच-दहा सेकंदांत उमटतो. अर्ध्या मिनिटानंतर आलेला रंग धरायचा नाही, कारण तेवढ्या वेळात हवेनेच द्रावण गुलाबी व्हायला लागतं.

सगळी गोम त्या मधल्या थांबण्यात आहे. पेरॉक्साईडच्या आधीच रंग आला तर डागात दुसरं काही ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे ब्लीचिंग पावडर किंवा तांब्याचे क्षार वगैरे. आपल्या घरांतला सगळ्यात नेहमीचा गोंधळ हळदीचा. द्रावण अल्कलीयुक्त असल्यामुळे हळदीचा डाग त्याच्या पहिल्या थेंबालाच लालसर तपकिरी होतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं, तीच ही रासायनिक करामत. थेंब एकामागून एक भराभर टाकले तर ही लाली पेरॉक्साईडच्या खात्यावर जमा होते आणि पंचनाम्यात ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं जातं.

आता तुमचा कोयता. वनस्पतींमध्ये पेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं. मुळा, बटाटा, फ्लॉवर यांत ते आहे आणि उसाच्या रसातही आहे. त्याने येणारा रंग बहुधा उशिरा आणि फिका असतो, पण घाईत वाचणाऱ्याला तो पुरतो. यावर एक साधा उतारा आहे. वनस्पतीचं विकर १०० अंश सेल्सिअसला पाचेक मिनिटं तापवलं की मरतं, हीम मात्र टिकून राहतं. प्रयोगशाळेत हे करता येतं. घटनास्थळी सहसा कोणी करत नाही. बोकडाचं रक्त तर खरंखुरं रक्तच. हीम माणसाचं काय आणि बोकडाचं काय, या चाचणीला दोन्ही सारखीच.

म्हणून कोयता प्रयोगशाळेत गेल्यावर पुढच्या तीन पायऱ्या झाल्या का ते पाहा. पहिली, रक्त असल्याची खात्री. ताकायामा चाचणीत सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी सुयांसारखे स्फटिक दिसतात, टाइखमन चाचणीत तपकिरी समभुज चौकोनी. दुसरी, रक्त माणसाचं आहे का, हे प्रतिद्रव्याच्या (अँटिबॉडीच्या) साहाय्याने. तिसरी, रक्तगट किंवा डीएनए. गंजलेल्या, मातीत पडलेल्या, उन्हात तापलेल्या हत्यारावर बऱ्याचदा पहिल्या पायरीनंतर पुढे जाता येत नाही, आणि अहवालात ‘रक्त आहे, पण विघटित झाल्याने मूळ ठरवता आले नाही’ अशा अर्थाची ओळ येते.

या ओळीचं कोर्टात काय होतं, याला ठरावीक साचा नाही. बलवान सिंग विरुद्ध छत्तीसगड राज्य या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच सांगितलं: रक्ताचं मूळ ठरलं नाही म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, आणि आपोआप पुरेसाही ठरत नाही. बाकीचा पुरावा किती भक्कम आहे त्यावर सगळं अवलंबून. वकिलांना एक गोष्ट जरूर विचारायला सांगा. त्याच कोयत्याच्या डाग नसलेल्या भागावर, समजा मुठीच्या टोकावर, तुलनेसाठी चाचणी केली होती का? तिथेही रंग आला असेल, तर पात्यावरच्या रंगाला काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : ल्युमिनॉल फवारल्यावर अंधारात निळा प्रकाश दिसला तर तिथे रक्त सांडलं होतं हे नक्की ना? (पुणे)

नक्की नाही. तत्त्व वरचंच आहे, फक्त रंगाऐवजी प्रकाश. फरशी ब्लीचने पुसली असेल तर सगळी फरशी उजळते. अनुभवी डोळ्यांना फरक दिसतो. ब्लीचची चमक झटकन येते आणि विझते, रक्ताची सावकाश येऊन थोडी टिकते. दोन-चार दिवस थांबून फरशी कोरडी झाल्यावर पुन्हा फवारलं तर ब्लीचचा त्रास बराच कमी होतो. ल्युमिनॉलचा खरा उपयोग नमुना कुठून घ्यायचा हे दाखवण्यापुरता आहे.

प्रश्न : अमली पदार्थांच्या छाप्यात पोलिसांकडच्या किटमध्ये पुडीचा रंग बदलला की गुन्हा सिद्ध झाल्यासारखंच सगळे बोलतात. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी ‘इतक्या कोटींचं कोकेन जप्त’ असं छापून येतं. किट किती खात्रीचं? (एक वकील, नवी मुंबई)

नीट वापरलं तर बऱ्यापैकी, पण ‘नीट’ या शब्दावर सगळा भार आहे.

किटमध्ये वेगवेगळ्या पदार्थांसाठी वेगवेगळी द्रावणं असतात. मार्क्वी द्रावण म्हणजे संहत सल्फ्युरिक आम्लात फॉर्मल्डिहाईड. हेरॉईन, मॉर्फिन, कोडिन या तिघांनाही ते जांभळं होतं. अॅम्फेटामिनला नारिंगी होऊन तपकिरीकडे झुकतं, एमडीएमएला काळपट जांभळं. साखरेलाही ते गडद तपकिरी होतं आणि अॅस्पिरिनला लाल. जांभळा रंग आला तरी हेरॉईन की कोडिन हे त्यातून समजत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. व्यावसायिक मात्रा, म्हणजे जिच्यापुढे सगळ्यात कडक शिक्षा लागते ती, हेरॉईनची २५० ग्रॅम आहे, कोडिनची १ किलो. महाराष्ट्रात सध्या सगळ्यात जास्त बोलबाला असलेलं मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, मार्क्वीला जेमतेम मंद पिवळसर छटा देतं किंवा काहीच देत नाही. त्यासाठी वेगळी द्रावणं लागतात. ती किटमध्ये नसली तर हाडाचा एमडीही ‘निगेटिव्ह’ निघेल.

कोकेनची स्कॉट चाचणी जरा जवळून पाहू, कारण चुका इथेच जास्त होतात. तिला तीन पायऱ्या आहेत.

मोहरीच्या एका-दोन दाण्यांएवढी पूड नळीत घ्यायची. चिमूटभर नाही. पूड जास्त झाली तर पुढच्या पायऱ्या बिघडतात. कोबाल्ट थायोसायनेटचं गुलाबी द्रावण टाकलं की कोकेन असेल तर निळा रंग येतो. मग संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून हलवायचं. निळा जाऊन गुलाबी व्हायला हवा. शेवटी क्लोरोफॉर्म टाकून हलवायचं आणि थर वेगळे होऊ द्यायचे. तळाचा क्लोरोफॉर्मचा थर निळा दिसायला हवा. तिन्ही झालं तर ‘कोकेन असण्याची शक्यता’. तिन्ही झालं तरी शक्यताच.

पहिल्या पायरीचा निळा रंग कोकेनची मक्तेदारी नाही. लिडोकेन, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडचं भूल देणारं औषध, तोही देतं. डायफेनहायड्रामिनसारखी अॅलर्जीवरची औषधंही देतात. पहिल्या निळ्यावर थांबून ‘कोकेन’ लिहिणं ही चूक मोठी, आणि दुर्दैवाने सोपीही. लिडोकेन भेसळ म्हणून खऱ्या कोकेनमध्येही घालतात, त्यामुळे ते सापडलं म्हणजे कोकेन नाहीच असंही म्हणता येत नाही.

मुंबईतलं एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्याजोगं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एका परदेशी नागरिकाकडून १०० ग्रॅमहून जास्त, म्हणजे व्यावसायिक मात्रेचं कोकेन पकडल्याचा गुन्हा झाला. प्रयोगशाळेच्या अहवालात निघालं लिडोकेन, टॅपेन्टाडोल आणि कॅफिन. यांपैकी एकही एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या यादीत नव्हतं. तरीही तो माणूस जवळपास दोन वर्षं तुरुंगात होता. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि राज्याला २ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. भरपाईच्या बाबतीत मात्र वकिलांनी पुढचा निकालही वाचावा. दुसऱ्या एका प्रकरणात, जिथे हेरॉईन म्हणून जप्त केलेली पूड हेरॉईन निघाली नाही, अलाहाबाद उच्च न्यायालयाने दिलेली ५ लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केली. जामिनाच्या अर्जात भरपाई देण्याचा अधिकार नाही, हे त्याचं कारण.

किट बिघडतं कसं, तेही थोडक्यात. पोलिसांच्या गाडीत उन्हाळाभर पडलेलं द्रावण. मुदत संपलेलं द्रावण. मार्क्वी ताजं असताना जवळजवळ रंगहीन असतं, जुनं झालं की स्वतःच गडद होतं. रात्री सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली किंवा मोबाईलच्या उजेडात वाचलेला रंग. रिकाम्या नळीत फक्त द्रावण टाकून आधी पाहिलंच नाही, हे तर नेहमीचंच. आणि दहा पुड्यांतली एकच तपासून दहाही ‘पॉझिटिव्ह’. या शेवटच्या गोष्टीला कायद्याचाही संदर्भ आहे. केंद्र सरकारच्या १९८९ च्या स्थायी आदेशानुसार सारख्या दिसणाऱ्या आणि रंगचाचणीला सारखाच प्रतिसाद देणाऱ्या पुड्यांचे दहा-दहाचे गट करून गटामागे नमुना घेता येत असे. गांजा आणि चरसासाठी चाळीसचे. या एका ठिकाणी किटचा रंग थेट नमुन्याच्या हिशेबात शिरतो. पुडी-पुडीची चाचणी झालीच नसेल तर गट करण्याचा पायाच गेला.

प्रश्न : शेताच्या बांधावर उगवलेली झाडं उपटून ‘गांजा’ म्हणून वजन केलं. चाचणी पॉझिटिव्ह. त्यात मुळं, खोड, पानं सगळं होतं. (जि. धुळे)

इथे चाचणी बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं. ड्युकेन्वा-लेव्हिन चाचणीत व्हॅनिलीन-अॅसिटाल्डिहाईडचं द्रावण, मग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि शेवटी क्लोरोफॉर्म टाकतात. जांभळा रंग तळाच्या थरात उतरला की भांगेच्या झाडातली द्रव्यं आहेत असं समजतात. ती पानांतही असतात. पण कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांबरोबर नसतील तर बिया आणि पानं त्यात मोडत नाहीत. तेव्हा पंचनाम्यात ‘फुलोऱ्याचे शेंडे’ असा उल्लेख आहे का, आणि शेंडे वेगळे काढून वजन केलं की मुळाच्या मातीसकट, हे पाहा. १ किलोच्या आतली मात्रा अल्प आणि २० किलोंपेक्षा जास्त ती व्यावसायिक. ओल्या झाडांच्या ढिगात हा फरक सहज होतो. झाडं लावली की आपोआप उगवली हा प्रश्न वेगळा, कारण लागवडीचा गुन्हा स्वतंत्र आहे.

प्रश्न : किटची कंपनी ‘९५ टक्के अचूक’ म्हणते. मग शंभरात पाचच चुका ना? (एक प्राध्यापिका, कोल्हापूर)

गणित असं सरळ नाही. हिशेबापुरते आकडे घेऊ. १००० संशयित पुड्या आहेत, त्यांतल्या १०० खरंच अमली पदार्थाच्या. किट खऱ्यांपैकी ९९ पकडतं आणि उरलेल्या ९०० पैकी ५ टक्क्यांना, म्हणजे ४५ पुड्यांना, चुकून रंग देतं. रंग आलेल्या एकूण १४४. त्यांतल्या ४५ निर्दोष, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. चुकीचं प्रमाण किटपेक्षा पुड्या कुठून उचलल्या यावर ठरतं. खबर पक्की असेल तर किट खरं बोलतं. सरसकट झडती घेतली तर तेच किट जास्त खोटं बोलतं. अमेरिकेत टेक्सासच्या हॅरिस काउंटीत याचा फटका बसला. रस्त्यावरच्या रंगचाचणीवर लोकांनी गुन्हा कबूल करून शिक्षा घेतल्या आणि नंतर प्रयोगशाळेने पदार्थ अमली नव्हताच म्हटल्यावर डझनावारी शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

प्रश्न : लाचेच्या सापळ्यात माझ्या पतीचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवल्यावर गुलाबी झाले. ते तंबाखू-चुना खातात. चुन्याने असं होतं का? (जि. बीड)

चुन्याने होत नाही, ताई. ही आशा सोडा. सापळ्याच्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावलेली असते आणि ग्लासात सोडियम कार्बोनेटचं पाणी असतं. गुलाबी रंगाला दोन्ही लागतं. चुना म्हणजे अल्कली, आणि पाणी आधीच अल्कलीयुक्त आहे. फिनॉल्फ्थॅलिनशिवाय कितीही चुना असला तरी पाणी पांढरंच राहील. हातांना हळद असेल तर पाणी पिवळट-तांबूस होईल, पण तो गुलाबी नव्हे.

खरे मुद्दे दुसरे आहेत. पूड अतिशय बारीक असते आणि स्पर्शाने पसरते. फिर्यादीने नोटा हाताळून मग हस्तांदोलन केलं, फाईल पुढे सरकवली, तर पूड तेवढ्यानेही हाताला लागते. म्हणून विचारायचं ते हे: दोन्ही हात वेगवेगळ्या ग्लासांत बुडवले का? खिशाच्या अस्तराचं पाणी वेगळं घेतलं का? बुडवण्याआधी त्याच पाण्यात एखाद्या पंचाचा स्वच्छ हात घालून रंग बदलत नाही हे दाखवलं का? नोटा लावणाऱ्या कर्मचाऱ्यानेच हात धुण्याचे ग्लास भरले का?

काही ठिकाणी फिनॉल्फ्थॅलिनऐवजी अँथ्रासिनची पूड लावतात. ती अतिनील दिव्याखाली निळी चमकते. तिथे आणखी एक खोच आहे. कपडे धुण्याच्या पावडरीतली शुभ्रता आणणारी द्रव्यंही त्या दिव्याखाली निळसर-पांढरी चमकतात. पांढऱ्या शर्टाच्या खिशाची चमक बाहीच्या चमकेपेक्षा वेगळी होती का, हे नोंदलेलं असायला हवं.

कोर्टात बाटल्या फिकट किंवा रंगहीन दिसल्या तर त्यावर फार उड्या मारू नका. अल्कली जास्त असली की हा गुलाबी रंग काळाने ओसरतोच. प्रयोगशाळा द्रावणातून फिनॉल्फ्थॅलिन वेगळं काढून दाखवू शकते. लाचेच्या खटल्याचा कणा पूड नव्हेच. नीरज दत्ता प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की लाच मागणं आणि स्वीकारणं या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हायलाच हव्यात. थेट पुरावा नसेल तर परिस्थितिजन्य चालेल. गुलाबी पाणी नोटांशी संपर्क दाखवतं. पैशांची मागणी झाली होती का, हे त्यात कुठून दिसणार?

प्रश्न : नाकाबंदीत ब्रेथ अॅनालायझर ४१ दाखवतो. नंतर हॉस्पिटलात रक्त घेतलंच नाही. फक्त फुंकरीवर खटला चालतो? (ठाणे)

चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ब्रेथ अॅनालायझरने आढळणं, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रयोगशाळेच्या चाचणीचे शब्द २०१९ च्या दुरुस्तीत त्याला जोडले गेले. म्हणजे एरवी ज्याला चाळणी म्हणतो त्याला इथे कायद्यानेच पुराव्याच्या पाटावर बसवलंय. त्यामुळे यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, त्याची तारीख आणि छापील पावती यांना महत्त्व येतं.

यंत्र रक्त मोजत नाही. श्वासातला अल्कोहोल मोजून त्याला एका ठरावीक गुणोत्तराने, बहुधा २१०० ने, गुणतं. हे गुणोत्तर प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. ४१ आणि १४१ यांत म्हणूनच फरक आहे. तोंडात नुकताच घेतलेला घोट, माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध असेल तर आकडा फुगतो. म्हणून १५ मिनिटं काही खाऊ-पिऊ न देता थांबून दुसरी फुंकर घ्यायची. जुन्या सेमीकंडक्टर सेन्सरला मधुमेहातल्या अॅसिटोनचाही वास लागतो. फ्युएल सेलच्या यंत्रांना तो जवळजवळ लागत नाही.

रक्त घेतलं असतं तरी सगळं सुटलं नसतं. त्वचा स्पिरिटने पुसायची नाही. कुपीत सोडियम फ्लुओराईड हवं. ते नसेल आणि कुपी उन्हाळ्यात पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहिली, तर यीस्ट आणि जिवाणू रक्तातल्या साखरेपासून स्वतःच अल्कोहोल बनवतात. मुंबई दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे वैद्यकीय तपासणीचे नियम याच धास्तीतून आलेत. कुपी मधल्या दिवसांत कुणाच्या ताब्यात आणि कशी होती, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६३ च्या प्रकरणात गेला होता. दारूच्या खटल्यांत तो आजही निघतो.

प्रश्न : द्राक्षबागेला खत देणाऱ्या माणसाच्या हातावर बंदुकीच्या दारूचे अंश सापडू शकतात का? (जि. सांगली)

जुन्या डायफिनाइलअमाइन चाचणीत सापडल्यासारखे दिसतील. ती नायट्रेटला निळी होते, आणि ठिबकमधून सोडायचं १३:००:४५ हे पोटॅशियम नायट्रेटच आहे. युरियाला मात्र ती निळी होणार नाही, त्यात नायट्रेट नसतो. फटाक्यांची दारू, तंबाखूची राख, लघवी, सगळ्यांनी ती फसते. म्हणून आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शिसं, अँटिमनी आणि बेरियम एकाच गोल कणात एकत्र सापडतात का ते पाहतात. नमुना हातांवरून चिकटपट्टीच्या स्टबने, काही तासांच्या आत घ्यायचा. हात धुतले, भाकरी खाल्ली, घाम पुसला की कण जातात. नकारात्मक अहवालाने माणूस सुटत नाही तो त्यामुळेच.

प्रश्न : सी.ए. रिपोर्ट न येताच आरोपपत्र दाखल झालं. ते अपुरं नाही का? (एक वकील, म्हापसा)

तुमच्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२१ मध्ये मानस कृष्णा प्रकरणात याचं उत्तर दिलंय. बाकीचा तपशील पुरेसा असेल तर रासायनिक विश्लेषकाचा अहवाल जोडला नाही एवढ्यावरून आरोपपत्र अपुरं ठरत नाही, आणि त्या कारणाने आपोआप जामीन मिळत नाही. म्हणजे अहवाल येईपर्यंतचे महिने किटच्या रंगावर तुरुंगात जाऊ शकतात. आम्हाला हे टोचतं. विशेषतः एनडीपीएस कायद्याच्या कलम ३७ ची जामिनाची कडक अट लागू होते तिथे.

पण किट आणि अहवाल पुराव्यात एका पंक्तीला बसत नाहीत, हे विसरू नका. शासकीय प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाचा अहवाल जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ खाली, तज्ज्ञाला न बोलावताही वाचता येतो. किटचा निकाल पंचनाम्यातून आणि अधिकाऱ्याच्या साक्षीतून सिद्ध करावा लागतो, आणि त्या साक्षीत उलटतपासणीला भरपूर जागा असते: कोणतं द्रावण, कोणत्या क्रमाने, किती सेकंदांत, कुठल्या उजेडात.

प्रश्न : अहवाल चुकीचा वाटतो. नमुना पुन्हा तपासून मिळेल का? (नागपूर)

एनडीपीएस प्रकरणात घाई करा. थाना सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की फेरतपासणीचा अर्ज अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत करायचा, आणि तोही अपवादात्मक परिस्थितीतच मंजूर होईल. मोघम ‘शंका आहे’ म्हणून तो टिकत नाही.

अर्जाआधी अहवालाची प्रत आणि पंचनामा शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवा. सीलचा ठसा आणि क्रमांक दोन्हीकडे एकच आहेत का? नुसत्या रंगचाचण्या आणि पातळ थर क्रोमॅटोग्राफीवर अहवाल संपवलाय, की जीसी-एमएससारखी खात्रीची पद्धत वापरली? आणि वजन. पंचनाम्यात नमुना २४ ग्रॅम आणि प्रयोगशाळेत १९ निघाला, तर आरडाओरडा करण्याआधी पदार्थ कोणता ते पाहा. ओला गांजा प्लास्टिकच्या पिशवीतही सुकतो, हलका होतो, बुरशी धरतो. पण ५ ग्रॅमची कोरडी पूड ७ ग्रॅम होऊन प्रयोगशाळेत पोचली असेल, तर ते सुकण्याने झालेलं नाही. पुनर्तपासणीचा अर्ज त्या मुद्द्यावर करा, आणि मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरची नक्कल त्याच दिवशी मागा.